पन्हाळ्याच्या घाटात अडलेली चंद्रा

"मावशीआजी, शेवाळ पिऊन तुझ्या गाडीला जुलाब होतात का गं?"

हा प्रश्न माझा नव्हे बरं का! अमिरा आणि प्रणोती या माझ्या दोन महा-आगाऊ मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती, की हे चारचौघांत, मोठ्यानं, तपासणीच्या दिवशीच विचारून दाखव. गेल्या वर्षीची जुईली पाडळकर वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. या वर्षीच्या जुईलीनं मात्र पंचगंगेच्या पुलावर, सकाळी आठ वाजता, गर्दीसमोर खणखणीत आवाजात प्रश्न विचारला.

अमिरा पुलाचा कठडा धरून हसत सुटली. मावशीआजी, म्हणजे माझ्या आईची मावशी, शास्त्रज्ञ शशिकला सरनोबत, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "जुलाब होत नाहीत. पण तुझ्यासारखी वात्रट कार्टी शेजारी बसली की उचकी लागते तिला. चल, बस गाडीत!"

ही गाडी म्हणजे चंद्रा. वय वर्षं साठ. आता २०५२ साली कोल्हापुरात सगळं विजेवर चालतं. पेट्रोलची गाडी पोरं फक्त चित्रात बघतात. मग मावशीआजीला चंद्रा कशाला हवी? कारण पुराच्या दिवसांत आमच्याकडे वीज तीन-तीन दिवस जाते, आणि विजेच्या नावा पाण्यात अडकलेल्या माणसांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. जुन्या पेट्रोल इंजिनांच्या पस्तीस नावा उद्यमनगरच्या गोदामात धूळ खात पडल्यात. मावशीआजीनं अकरा वर्षं खपून त्यांच्यासाठी शेवाळापासून पेट्रोल बनवलं होतं. धूर जवळजवळ नाही, आणि वास कैरीच्या सालीसारखा!

आज त्या पेट्रोलची परीक्षा होती. पुलापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत साठ मिनिटांत पोहोचायचं. पोहोचलो, तर हे पेट्रोल नावांना मिळणार. नाही पोहोचलो, तर प्रयोग कायमचा बंद.

परीक्षक होता एक यंत्रमानव, नाव पडताळ. तो गुडघे पोटाशी घेऊन मागच्या सीटवर बसला होता.

"प्रवास सुरू," पडताळ म्हणाला. "दुरुस्ती केवळ वाहनातील व्यक्तींनी करावी. मी मदत करणार नाही. मी सहानुभूतीही दाखवणार नाही."

"दाखवू नकोस बाबा," मावशीआजी म्हणाली आणि तिनं गियर टाकला.

चंद्रा काय पळाली म्हणून सांगू! पण सहा किलोमीटरवर तिनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. किल्ली फिरवली की नुसतं कुईं-कुईं-कुईं.

"घाबरायचं नाही," मावशीआजी बॉनेट उघडत म्हणाली. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. बंद पडलंय म्हणजे तिघांतलं कुणीतरी गैरहजर आहे. आपण हजेरी घ्यायची. आधी ठिणगी."

तिनं स्पार्क प्लग (पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडणारा बोटाएवढा भाग) काढून बघितला. किल्ली फिरवताच टच्चकन निळी ठिणगी पडली. ठिणगी हजर! वायर जरा सैल वाटली म्हणून तिनं ती घट्ट केली. हे सगळं होईतो बारा मिनिटं गेली. मग किल्ली फिरवली आणि चंद्रा सुरू!

"वायरच होती बघ," मावशीआजी खूश होऊन म्हणाली.

आणखी सहा किलोमीटर गेलो. आचके. बंद.

आता मावशीआजीनं हजेरीतलं पुढचं नाव घेतलं : पेट्रोल. तिनं कार्बुरेटरकडे (पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारं भांडं) जाणारी नळी सोडवून एका रिकाम्या बरणीत धरली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. खरं तर पेट्रोलची चिळकांडी उडायला हवी होती. पडले ते चार थेंब.

"पेट्रोल गैरहजर!" मी ओरडले.

"टाकीत आहे का ते बघ."

काटा अर्ध्याच्या वर होता. मग मावशीआजीनं रस्त्याकडेला बसून मला वाट समजावली. टाकीतून पेट्रोल नळीत येतं, नळीतून गाळणीत (पेट्रोलमधला कचरा अडवणारी जाळी), गाळणीतून पंपात आणि पंपातून कार्बुरेटरमध्ये. या वाटेवर कुठंतरी अडलंय. तिनं गाळणी सोडवून फुंकली, पुसली, परत बसवली. त्यात पुन्हा दहा-बारा मिनिटं गेली. किल्ली फिरवली आणि चंद्रा सुरू!

"गाळणीच होती तर," मावशीआजी म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज तितका खुशीत नव्हता. मलाही काहीतरी खटकलं होतं, कारण गाळणी मी हातात धरली होती आणि ती आरशासारखी स्वच्छ होती.

वाघबीळ मागे पडलं. घाट लागला. तीन किलोमीटर राहिले होते आणि पुन्हा आचका, आचका, बंद.

"दहा मिनिटे शिल्लक," पडताळ म्हणाला. "निष्कर्ष नोंदवत आहे. ठिणगी योग्य. गाळणी योग्य. इंधन सदोष."

"इंधन सदोष नाही रे मेल्या!" मावशीआजी म्हणाली. तिनं नळी सोडवून बघितली. पुन्हा चारच थेंब. मग ती चंद्राच्या दाराला टेकून उभी राहिली. "पंप गेला असणार. तो पंप आता जगात कुठं मिळत नाही. संपलं, जुईली."

मी मावशीआजीला असं 'संपलं' म्हणताना कधीच ऐकलं नव्हतं. गोदामातल्या त्या पस्तीस नावा डोळ्यांपुढे आल्या.

आणि तेव्हाच मला खटकणारी गोष्ट सापडली.

"मावशीआजी, थांब! पंप गेला असता, तर मधे दोनदा गाडी सुरू कशी झाली?"

"वायर... गाळणी..."

"वायरचा आणि पेट्रोलचा काय संबंध? गाळणी तर स्वच्छच होती! आपण काहीही केलं तरी ती दहा-बारा मिनिटांनी बरी होते. म्हणजे आपल्या औषधानं नाही, नुसत्या थांबण्यानं बरी होते!"

मावशीआजी दारापासून सरळ झाली. "पुढं बोल."

"चालली की काहीतरी बिघडत जातं. थांबली की हळूहळू आपोआप नीट होतं. असं काय असतं?"

"इंजिन तापतं, नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. असं होतं कधीकधी." तिनं पंपावर हात ठेवला. "पण हा तर कोमट आहे. वाफ नव्हे."

"आठ मिनिटे शिल्लक," पडताळ म्हणाला.

टाकी भरलेली, नळी कोरडी. भरलेलं आहे, पण बाहेर येत नाही. हे मी कुठंतरी बघितलं होतं! आणि एकदम आठवला तेलाचा डबा. गेल्या आठवड्यात आईनं मला गोडेतेलाचा नवा डबा फोडायला सांगितलं होतं. मी ऐटीत एकच भोक पाडलं. तेल ढब्ब-ढब्ब करत दोनदा आलं आणि थांबलं. आई ओरडली, "अगं, दुसरं भोक कोण पाडणार, डबा स्वतः? एक तेलाला, एक हवेला!"

"मावशीआजी, टाकीला हवेचं भोक कुठं असतं?"

तिचे डोळे चष्म्याएवढे झाले. "झाकणात! टाकीच्या झाकणात श्वासछिद्र (हवा आत जाण्यासाठी ठेवलेलं बारीक भोक) असतं!"

मी पळत गाडीच्या मागं गेले आणि झाकण फिरवलं. सूऽऽऽस! टाकीनं एवढा मोठा श्वास आत घेतला, की पडताळनंसुद्धा मान वळवली.

"ऐकलंस?" मावशीआजी नाचायचीच बाकी होती. "आपल्याला वाटतं पंप पेट्रोल खेचतो. खरं तर पंप फक्त पुढं जागा करतो. पेट्रोलला ढकलते ती टाकीतली हवा, वरून दाबून! पेट्रोल खाली जातं तशी बाहेरची हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकीत आंशिक निर्वात (जिथली बरीच हवा कमी झाली आहे अशी जागा) तयार होतो. मग ढकलायला जोर उरत नाही, आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी! थांबलो की कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची. पण झाकणाचं भोक बुजलं कशानं?"

मी झाकण उलटंसुलटं करून बघितलं. वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, लालभडक कडक खपली होती. तिच्यात तांदळाचे दाणे.

माझे कान गरम झाले.

चार दिवसांपूर्वी दसरा होता. चंद्राची पूजा मीच केली होती. बॉनेटला टिळा सगळेच लावतात. मी म्हटलं, पेट्रोल जातं ते तिचं तोंड, टिळा तोंडाला नको? म्हणून झाकणावर ओल्या कुंकवाचा जाड टिळा लावला, वर अक्षता. आणि गळून पडू नये म्हणून कुंकवात डिंक कालवला होता. भरपूर.

गप्प बसता आलं असतं. खपली खरवडून टाकली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण पडताळच्या नोंदीत 'इंधन सदोष' लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं.

"पडताळ," मी म्हटलं, "नोंद बदल. पेट्रोलचा दोष नाही, पंपाचा नाही, गाडीचा नाही. भोक मी बुजवलं. कुंकवानं."

पडताळनं झाकण निरखून बघितलं. "कुंकू. हा कोणत्या प्रकारचा इंधनदोष आहे?"

"भक्तीचा!" मावशीआजी म्हणाली आणि इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "अगं, तोंडाची पूजा केलीस आणि नाक दाबलंस!"

मी ओढणीची सेफ्टी पिन काढली, भोक मोकळं केलं, झाकणाला तोंड लावून फुंकर मारली. हवा आरपार गेली. झाकण लावलं. मावशीआजीनं नळी जोडून घट्ट केली आणि किल्ली माझ्यापुढं धरली. "सुरू तूच कर. रोगाचं निदान तुझं आहे."

कुईं-कुईं... धडधडधड! इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी पटकन शेजारच्या सीटवर सरकले.

"सहा मिनिटे शिल्लक," पडताळ म्हणाला.

मावशीआजीनं घाटातली वळणं अशी घेतली, की पडताळचं डोकं दोनदा टपाला आपटलं. पण चंद्रानं एक आचका दिला नाही. एकही नाही! नाक्यावर पोहोचलो तेव्हा पन्नास सेकंद उरले होते.

पडताळ खाली उतरला आणि त्यानं नोंद वाचली. "इंधन निर्दोष. बिघाडाचे कारण : श्वासछिद्रात कुंकू. निदान : जुईली पाडळकर. कबुली : जुईली पाडळकर." मग त्यानं पुढं जोडलं. "दोन्ही नोंदी एकाच नावावर असण्याची ही पहिलीच वेळ आहे."

मावशीआजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जुईली, चाळीस वर्षं मी इंजिनं उघडतेय. आज दोनदा मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं आणि मी तिथंच थांबले. तू थांबली नाहीस. पस्तीस नावांची इंजिनं उघडायचीत आता. एकेका टाकीचं झाकण बघण्यापासून सुरुवात."

"पस्तीस झाकणं मी बघते," मी म्हटलं. "आणि नावा पाण्यात उतरल्या की त्यांतलं एक इंजिन मीच सांभाळणार."

"घरी विचारलंयस?"

"विचारणार नाही. सांगणार."

घरी आले तेव्हा आई-बाबा जेवायला बसत होते. कपड्यांना पेट्रोलचा वास, नखांत कुंकू आणि काळं ऑइल. आई म्हणाली, "आधी हात धू." मी धुतले नाहीत. तसेच दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले आणि म्हटलं,

"आई, बाबा, सोमवारपासून मी रोज शाळा सुटल्यावर उद्यमनगरात इंजिनं शिकायला जाणार आहे. आणि पुढच्या पावसाळ्यात पुराच्या नावेवर इंजिन सांभाळायला मावशीआजीबरोबर माझं नाव असणार आहे. पोहता येतं, भीती वाटते, तरी जाणार. ठरलंय माझं."