वहिनी, पाय काढा

हसू नका रे. आणि तो मोबाईल पालथा ठेव, डोळ्यांवर येतोय उजेड. ज्याच्यावर हे गुदरलं तो अजून जिवंत आहे. मेकॅनिक आहे. आम्ही सगळे त्याला पाना म्हणतो, कारण लग्नाला गेला तरी त्याच्या खिशात पाना असतोच.

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवारची रात्र. अमावास्या वगैरे काही नाही, स्वच्छ चांदणं होतं.

पान्याच्या एका जिवलग दोस्ताची स्पोर्ट्‌स कार होती. लाल, दोनच सीटची, बरीच जुनी. दोस्त त्याच्या दोनच महिने आधी झोपेत गेला. मागे बायको आणि एकुलती एक लेक. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि रविवारी पहाटे बाबांच्याच गाडीने जाणार म्हणून ती हटून बसली होती. वाटेत डोंगरातली वळणं. आणि गाडीचं दुखणं असं, की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरायचं, आचके द्यायचं, मनात आलं तर बंदच पडायचं.

वहिनीने पान्याला बोलावलं. म्हणाली, "भाऊजी, एक तर ती नीट करा, नाहीतर पोरीला सांगा की होत नाही म्हणून. माझं ती ऐकायची नाही."

जेवण आटोपून हा गेला. लेक वर झोपलेली. गॅरेज घराला लागूनच, मधे फक्त एक दार. शटर वर ठेवून याने बॉनेट उघडलं.

प्लग पाहिले. ठीक. स्क्रूड्रायव्हरचं टोक पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं. चारही टिकटिकत होते. हवा आत घेणारी झडप काजळीने माखली होती, ती पुसून काढली. थोडा फरक पडला, पण गाडी मिसिंग करायची ती करतच होती. मग इंजिन चालू ठेवून रबरी नळ्यांच्या कडेकडेने क्लीनरचा फवारा मारत गेला. मागच्या एका नळीवर फवारा पडला मात्र, इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं.

"सापडलास, लेका!" पाना म्हणाला.

नळीला खालून चीर गेली होती. तिथून चोरून हवा आत शिरत होती. याने गाडी बंद केली, नवी नळी बसवली, पुन्हा चालू केली. एकदम शांत. इंजिनवर पाण्याचा पेला ठेवला असता तर हलला नसता. वहिनी बघायला आली, बरं वाटलं तिला. चहा टाकते म्हणाली.

साडेअकरा होऊन गेले होते. पाना इंजिनवर वाकून नळीच्या क्लिपा आवळत होता.

आणि इंजिनचा आवाज जरासा चढला.

उतरला.

पुन्हा चढला.

दुसरी कुठली नळी गळतेय की काय, म्हणून याने बॅटरीचा झोत मारला. नळ्या ठीक. पण ॲक्सिलरेटरची केबल हलत होती. आतून कुणीतरी ओढावी तशी. जरा ओढली… सोडली. जरा ओढली… सोडली.

उघड्या बॉनेटमुळे समोरची सीट दिसत नव्हती. पान्याला वाटलं, वहिनी येऊन बसली असेल.

"वहिनी, पाय काढा," तो म्हणाला.

केबल थांबली.

पाना पुन्हा कामाला लागला. थोडा वेळ गेला.

ओढली… सोडली.

"अहो वहिनी, पाय—"

"मला हाक मारलीत?"

आवाज पाठीमागून आला. वहिनी दारात उभी होती. दोन्ही हातांत कप.

पान्याने मान बाजूला काढून काचेतून पाहिलं. सीट रिकामी. दारं बंद.

इंजिन चढत होतं. उतरत होतं.

वहिनीने कप खाली ठेवले. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हे असंच करायचे… सिग्नलला थांबलो की. बंद पडू नये म्हणून. मी चिडायचे. पाय स्वस्थ ठेवा म्हणायचे…"



पान्याने हातातली बॅटरी खाली ठेवली. काय सुचलं कोण जाणे, तो काचेकडे बघून बोलला.

"दोस्ता… नळी फाटली होती. बदललीय मी. आता नाही बंद पडत. लेकीला जाऊ दे."

केबल थांबली.

मग केबल ताणली गेली. पुरी. इंजिन असं गर्जलं की वर लेकीच्या खोलीतला दिवा लागला…

आणि केबल सैल झाली.

आवाज खाली आला. स्थिर. तो पुन्हा हलला नाही. थोड्या वेळाने वरचा दिवाही विझला. चहा कुणी प्यायलं नाही. दोघं पहाट होईपर्यंत तिथेच बसून होती.

पहाटे पोरगी गेली. सुखरूप पोचली. रात्रीचं तिला दोघांनी आजवर सांगितलेलं नाही.

पुढे सहा-सात महिन्यांनी पाना त्या शहरात गेला, तेव्हा सहज तिची गाडी पाहिली. इंजिन झकास. पोरगी म्हणाली, "काका, बाकी काही तक्रार नाही. एवढा पायाखालचा मॅट बघा ना. ही तिसरी वेळ, नवा घालते आणि असाच होतो."

पान्याने वाकून पाहिलं. ॲक्सिलरेटरखाली, जिथे टाच टेकते, तिथे कोऱ्या रबरात खोल खळगा पडला होता.

त्याने पोरीला तिथे टाच ठेवायला सांगितली.

तिच्यासारख्या दोन टाचा मावल्या असत्या त्यात.