उरलेला नाग

“तासभर द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो, आणि आता यजमानांचा फोन, येत नाही म्हणून,” किशोर गुरुजी माझ्या ओट्याशी उभे राहून स्वतःशीच कुरकुरत होते.

त्यांच्या नागबळीसाठी कणकेचे नाग मी वळून देते. बारा वर्षं झाली. गुरुजी मंत्राने नागात प्राण घालतात, मग रीतसर अग्नी देतात. साप मारल्याचं पाप फिटतं म्हणे. मी शिकले ते बघून. मंत्रही तसाच, दाराआडून ऐकून. हात चालू लागले की माझं तोंडही चालतं. त्या दिवशीही चाललं असणार.

नाग उरला. मोडून पोळ्या लाटायला मन होईना. परातीत तसाच ठेवून वर टोपली झाकली.

तिसऱ्या दिवशी कणकेला आंबूस वास नव्हता. पाचव्या दिवशी बोट लावलं, तर कोमट. मी गुपचूप वाटीभर दूध ठेवलं. संध्याकाळी वाटी रिकामी.

समोरची मनीषा शाळेत विज्ञान शिकवते. “आम्ही बौद्ध, ताई. असलं काही मानत नाही,” म्हणत तिने टोपली उचलली. बराच वेळ पाहिलं. हळूच परत ठेवली.

“दूध नका देऊ,” ती म्हणाली. “सापाला पचत नाही.”

कॉलनीत कुजबुज झाली. गुरुजी भरदुपारी आले, कापूर आणि काडेपेटी घेऊन.

“जे जागवलं ते जाळावं लागतं, ताई.”

“कुणी जागवलं? मी?”

“छे. बाईच्या तोंडून मंत्र लागू होत नाही.”

“मग ती नुसती कणीक. जाळता कशाला?”

गुरुजी घुटमळले. “लोक बोलतात. जीव घालणं बाईचं काम नव्हे.”

“मग कुणाचं हो?”

मी परातीसमोर मांडी घालून बसले. “लागू झाला असेल, तर हा माझ्या घरचा जीव आहे. लावा काडी. माझ्यादेखत.”

त्यांनी टोपली उचलली.

सकाळी मी पाहिलं तेव्हा फणा भिंतीकडे होता. आता दाराकडे होता.

त्यांचा चेहरा बघून मलाच दया आली. “वाळताना पीळ पडला असेल,” मी म्हणाले.

गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले. काडेपेटी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

“सगळेच नाग वळवळतात, ताई. चितेवर. आम्ही फक्त मंत्राचा आवाज वाढवतो.”