गुरुजींच्या मळ्यातले मुळे

पडद्यावर मेंदूचं चित्र उमटलं आणि डॉ. केतकी उमाठेच्या हातातला चहा तसाच निवत राहिला. कुणी भिजवलेला साबुदाणा विस्कटून टाकावा तसे पांढरे दाणे, प्रत्येकाच्या पोटात एक काळा ठिपका. मेंदू तिच्या वडिलांचा होता. सकाळीच त्यांना पहिली फीट आली होती.

"सदतीस मोजले, मग थांबलो," मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. इनामदार म्हणाले. "सगळ्या पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या अळ्या. दहा-पंधरा वर्षं गुपचूप बसून असतील."

"पण बाबा तर माळकरी," केतकी बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीवरून पोटात जातात, तिथून अळ्या मेंदूत. त्याला मांस खावं लागत नाही. हा धडा तिनेच विद्यार्थ्यांना शिकवला होता.

"इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच का?" इनामदारांनी विचारलं.

"कारण अळी जिवंत असते तोवर शरीराच्या फौजेला झोपवून ठेवते. फौजेला ती घरचीच वाटते. माझ्या लसीने फौजेला तो मुखवटा ओळखायला शिकवलं." हत्तीपायाच्या कृमीसाठी बनवलेली तिची मुखवटाभेदी लस सगळ्याच कृमींना उघडं पाडत होती. पायातला कृमी मेला तर बिघडत नाही. मेंदूत मात्र एकेका अळीभोवती फौज तुटून पडते, सूज चढते आणि कवटीला काही फुगता येत नाही. म्हणून तर नियम होता, की आधी मेंदूचित्रण आणि मगच लस.

तो नियम केतकीने एकदाच मोडला. ग्रामसभेत लोक हटून बसले होते, आधी तुमच्या घरच्यांना टोचा म्हणून. चित्रणाची गाडी गुरुवारी यायची होती. तिचे वडील, प्रमोद गुरुजी, उठले, बाही वर केली. आयुष्यात अंडंही न शिवलेला माणूस, त्याला कसली अळी, असं म्हणत तिने सुई टोचली. टाळ्या पडल्या. तिलाही तेव्हा बापाचा फार अभिमान वाटला होता.

"उलटवता येईल का ही लस?" इनामदारांनी विचारलं.

"नाही. फौजेच्या स्मृतिपेशींना शिकवता येतं, विसरायला लावता येत नाही. सूज दाबायची औषधं देऊ. औषध थांबलं की फौज पुन्हा उठणार. टोचून आज नववा दिवस. फौज पूर्ण तयार होते एकविसाव्या दिवशी."

इनामदार पुन्हा पडद्याकडे वळले. "एवढ्या अळ्या आल्या कुठून?"

केतकीच्या डोळ्यांपुढे नाल्याकाठचा मळा उभा राहिला. निवृत्तीनंतर गुरुजींनी लावलेले मुळे, कोथिंबीर. पैसे कधी घेतले नाहीत. गावातल्या प्रत्येक घरी त्यांच्या हातची जुडी जायची. नाल्यात वरच्या वस्तीची घाण येते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि मुळ्याची कोशिंबीर कोणी शिजवत नाही.

तिने गावातल्या आरोग्यसेविकेला फोन लावला. "वंदनाताई, गुरुवारी किती जणांचं चित्रण झालं?"

"एकाचंही नाही, मॅडम. गुरुजीनं नाही केलं, आमालेबी नाही पाह्यजे म्हणाले. दोनशे बाराच्या दोनशे बारा लोकायनं रांगेत टोचून घेतलं. तुमाले सांगणारच होती मी." तिच्या आवाजात कौतुक होतं.

केतकीने फोन ठेवला. आता चित्रण केलं तरी औषध तेच होतं, एकवीस दिवसांची मुदतही तीच होती. कुठल्या डोक्यात किती दाणे आहेत, एवढंच काय ते कळलं असतं.

दुपारी गुरुजी शुद्धीवर आले. जीभ जड झाली होती, पण डोळ्यांत जुनं मास्तरकीचं तेज होतं.

"केतकी, पोरी, लस सगळ्यायनं घेतली न? कोणी मांगं तं नाही राह्यलं?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. नखांत अजून मळ्यातली माती होती.

"नाही बाबा," ती म्हणाली. "कोणीच नाही राहिलं."

गुरुजींनी समाधानाने डोळे मिटले.