आठशे बासष्टला दोन गुण

चौदा मार्चला दुपारी साडेतीन वाजता मी बन्सीला लग्नाला होकार दिला. तोही लेखी, तीन प्रतींत.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या लॅबमध्ये निकाल आधी कळलेल्या परीक्षकाला परत पाठवतात, कारण मग तो जिभेनं चाखत नाही, कानानं चाखतो. तुम्हाला परत पाठवलं तर गोष्ट कोण वाचणार? तेव्हा होकार वगैरे काही झालेलं नाही. सध्या नोव्हेंबर आहे आणि मी मुकुंदवाडीच्या चौकातून शेअर रिक्षात बसून चिकलठाण्याला कामावर निघाले आहे.

तिघांच्या जागेत आम्ही पाच जण होतो. माझ्या हातात पांढऱ्या चॉकलेटची वडी होती. तो माझा नाश्ता. शेजारी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन एक मुलगा बसलेला. त्यानं वडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा वडीकडं. तिसरी नजर दुःखी होती. मी भिंतीचा चुना खात असावे तशी.

"राग नका मानू," तो म्हणाला, "पण ते चॉकलेट नाय."

"मग काय आहे?"

"कोकोचं तूप, साखर अन् दुधाची पावडर. चॉकलेट म्हणजे काळं. कडू. बाकी सगळे पेढे."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाय."

"मग?"

"राहवलं नाय…"

मी त्याच्या डोळ्यांत बघत उरलेली वडी खाल्ली. एकेक चौकोन मोडून, सावकाश. तो बघत राहिला. रिक्षावालाही आरशातून बघत राहिला.

"ताई," शेवटी रिक्षावाला म्हणाला, "तुमचा स्टॉप मागं गेला."

मी उतरले. तोही उतरला. मी झपाझप चालायला लागले, तर पाठीमागं डब्याचा खुळखुळाट. कोपऱ्यावर मी गर्रकन वळले.

"पाठलाग करताय?"

"कामावर चाललोय."

"कुठं?"

त्यानं माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं बोट केलं. ती आमच्याच कंपनीची पाटी होती. आमची कंपनी चॉकलेट बनवते.

माझं नाव आवडा. पणजीचं नाव आवडाबाई, तेच मला ठेवलं. चॉकलेटच्या कंपनीत या नावावर जेवढे विनोद शक्य होते तेवढे पहिल्या आठवड्यातच उरकले, तेव्हा आपण पुढं जाऊ. मी माल पाठवण्याच्या विभागात काम करते, पण रोज अकरा वाजता आम्हा आठ जणांना वर लॅबमध्ये चाखायला बोलावतात. प्रत्येकाला एक खोपटं, म्हणजे बाथरूमएवढी लाकडी खोली. आत लाल दिवा, म्हणजे चॉकलेटचा रंग कळू नये. समोर झडपेची छोटी खिडकी. त्यातून बशी येते, बशीत तुकडे, तुकड्यांखाली तीन आकडी नंबर. नाव नाही, गाव नाही. एक ते नऊ गुण द्यायचे, शेरा लिहायचा, आणि मधून मधून कोमट पाण्यासोबत मुरमुरे खायचे, म्हणजे जीभ मागचं विसरते. अत्तर लावायचं नाही, कच्चा कांदा खायचा नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही.

आठ जणांत गेटवरचे आप्पासाहेब सगळ्यात जुने. ते प्रत्येक नमुन्याला सात देतात. "सात द्यावं," ते म्हणतात. "कुणाचं मन मोडत नाही अन् कुणी डोक्यावरबी बसत नाही."

त्या दिवशी झडप वर गेली, बशी आत आली, आणि बशीला धरलेला हात दिसला. अंगठ्यावर जुना चटक्याचा डाग. सकाळी डब्यावर होता तोच अंगठा.

"पेढे आणलेत," हात कुजबुजला.

"बोलायला मनाई आहे."

"मी कुठं बोललो?" हात म्हणाला, आणि झडप पडली.

तो बन्सी. सिल्लोडचा. वडलांची मक्याची अडत. फूड टेक्नॉलॉजी शिकून आमच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागलेला. नमुने बनवणं, बशा लावणं आणि आमचे शेरे कॉम्प्युटरवर उतरवणं हे त्याचं काम.

शेरे तो उतरवतो, हे मला कळलं तेव्हापासून माझ्या शेऱ्यांची भाषा सुधारली.

'नमुना ३१५: सुरुवातीला कडू. शहाणपणा जास्त. थोडा वेळ सहन केल्यास बरा निघतो.'

दुसऱ्या दिवशी माझ्या बशीत एक तुकडा जास्तीचा होता. पांढरा. त्याला नंबर नव्हता.

डिसेंबरात मी जरा वाहवले. लिहिलं, 'नमुना ५४०: दाढी केल्यावर बरा दिसतो.' बन्सीनं ते हसत हसत जसंच्या तसं उतरवलं आणि रिपोर्ट लॅबप्रमुख शहजादी मॅडमच्या टेबलावर गेला. मला बोलावणं आलं.

"आवडा, चॉकलेटला दाढी कैसी आई?"

"बुरशी… म्हणायचं होतं, मॅडम."

मॅडमनी त्या नंबरचा सगळा माल बाजूला काढायला लावला. पाचशे किलो चॉकलेट दोन दिवस तपासणीत अडकलं. लोक प्रेमात कविता करतात. मी उत्पादन थांबवलं.

प्रेम हा शब्द तेव्हा कुणी काढला नव्हता. संध्याकाळी आम्ही मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर चहा प्यायचो, एवढंच. तिथं गाड्या कमी थांबतात, त्यामुळं बाक सहसा मोकळा असतो.

"पांढरंच का पण?" त्यानं एकदा विचारलं. "काहीतरी कारण असंल. लहानपणीचं काही…"

"गोड असतं म्हणून."

"बस?"

"बस. तुला कडू का?"

त्यानं बराच विचार केला. "कडू खाल्लं की लोक मला हुशार समजतात."

"कोण लोक?"

"अजून भेटले नाय."

मला हसू आलं आणि चहा नाकात गेला. त्यानं रुमाल पुढं केला. रुमालाला कोकोचा वास होता. मी तो परत केला नाही. त्यानंही मागितला नाही.

फेब्रुवारीत मॅडमनी त्याला सांगितलं: पंधरा मार्चला तुझी मुदत संपते. त्याआधी एक नवं चॉकलेट बनव. आठ जणांची सरासरी सातच्या वर गेली तर कायम. नाही गेली तर… सिल्लोड.

"अडतीवर बसलो की बाबा वर्षाच्या आत लग्न लावणार," बन्सी बाकावर म्हणाला. "पोरगी बी बघून ठेवलीय. तिला म्हणे चॉकलेट आवडत नाय."

"कुठलं?"

"कुठलंच."

आम्हा दोघांनाही त्या मुलीचं वाईट वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, की मला वाईट तिच्यासाठी वाटत नव्हतं.

"काय बनवतोयस?"

"ते नाय सांगणार. तू परीक्षक हायेस."

"डार्कच असणार."

तो रुळांकडं बघत राहिला. "खरे गुण दे, आवडा. खोटे दिलेस तर मला कळंल."

"कसं कळेल?"

"कळंल."

बारा मार्चला परीक्षा झाली. त्या दिवशी खिडकीतून चटक्याचा अंगठा आला नाही. स्वतःच्या चॉकलेटला बनवणाऱ्यानं हात लावायचा नाही असा नियम. हिरव्या बांगड्यांचा हात आला, मॅडमचा. बशीत तीन तुकडे. एक बन्सीचा, दोन कंपनीचे जुने, तुलनेसाठी. कुठला कोणता, ते फक्त मॅडमना माहीत.

पहिलं मिल्क चॉकलेट. आप्पासाहेबांची आठवण काढून सात दिले. दुसरं, ४१७. तोंडात टाकलं आणि माझे कान हलले. एवढं कडू मी औषधातसुद्धा खाल्लं नव्हतं. मी ओळखलं. हाच तो. काळा, कडू, हुशार. बन्सी.

मग मुरमुरे. मग तिसरं, ८६२.

पांढरं होतं. लाल उजेडात दिसत नव्हतं, पण ते मला अंधारातसुद्धा कळतं. आधी गोडवा आला, मग जरासं मीठ, आणि मग कुठूनतरी लांबून भाजलेल्या कणसाचा वास. निखाऱ्यावर कणीस फिरवताना येतो ना, अगदी तो. मी डोळे मिटले. मी कुठं आहे ते विसरले, कशासाठी आहे तेही विसरले. पेनानं आपण होऊन नऊच्या आकड्याचं डोकं काढायला घेतलं.

तेव्हा मला सिल्लोडची ती मुलगी आठवली.

हे चॉकलेट भारी ठरलं तर बन्सीचं फिकं ठरणार. मी नवाचं डोकं खोडलं. त्याच्या शेजारी दोन लिहिले. शेरा: 'पेढा.' आणि ४१७ ला दिले नऊ. शेरा: 'अप्रतिम. कायम ठेवावे.' हातातला रुमाल ओला झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी पांढऱ्या चॉकलेटशी बेइमानी केली.

तेरा तारखेला निकाल लागला. संध्याकाळी बन्सी बाकावर आधीच येऊन बसला होता. दाढी केलेली होती.

"नाय झालं," तो म्हणाला. "सहा पूर्णांक सहा."

"असं कसं? मी नऊ दिले!"

"कशाला?"

"चारशे सतराला!"

तो माझ्याकडं बघत राहिला. "चारशे सतरा कंपनीचं जुनं डार्क हाय, आवडा. बारा वर्षं झाली विकतंय. माझं आठशे बासष्ट."

"ते… पांढरं?"

"व्हय."

"तू तर म्हणायचास, पांढरं म्हणजे…"

"म्हणायचो. चार महिने तुझे शेरे उतरवले मी. तुला काय आवडतं ते मला पाठ हाय." त्यानं चहाचा कप बाकावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "गावाकडचा मका भाजला, दळला, मीठ घातलं. एकोणीस वेळा केलं. विसाव्याला वाटलं, हे तुला… जाऊ दे. खरे गुण दे म्हणलो होतो, दिलेस. राग नाय माझा. पेढा तर पेढा."

मी तोंड उघडलं आणि नेमकी मालगाडी आली.

"खोटं होतं ते!" मी ओरडले. मालगाडीला असंख्य डबे होते. "मला नऊ द्यायचे होते!" डबे. "इतकं चांगलं मी कधी खाल्लं नाही!" डबे, डबे, डबे. तो कानाला हात लावून माझ्या ओठांकडं बघत होता. शेवटचा डबा गेला आणि एकदम शांत झालं.

"काय म्हणलीस?"

"खोटे गुण दिले तर तुला कळणार होतं ना?" मी हळूच म्हणाले.

त्याचा चेहरा बदलायला बराच वेळ लागला. आधी कपाळ, मग डोळे, मग बाकीचं.

"नाय कळलं," तो म्हणाला.

चौदाला दुपारी तीन वाजता मी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

"नौ साल हो गए मेरेकू इस लॅब में. लोग सर्दी में चाखे, गुटखा खा के चाखे. दिल से कोई नहीं चाखा. येडी हो गई क्या तू?"

"माझा गुणांचा तक्ता बाद करा, मॅडम."

"तक्ता अकेला बाद नहीं होता. परीक्षकही बाद करावा लागतो. कायमचा."

रोज अकरा वाजता फुकट चॉकलेट खाणाऱ्या बाईला हे वाक्य काय वाटतं, ते मी सांगत बसणार नाही. मी अर्ज मागितला.

'परीक्षक वगळणे', तीन प्रती. कारणं छापलेली: (अ) कायमची सर्दी. (ब) तंबाखूचं व्यसन. (क) उत्पादन बनवणाऱ्याशी नातं. एकावर खूण करा. खोटेपणाचा पर्यायच नव्हता. कंपनीचा आमच्यावर एवढा विश्वास.

"सर्दी लिख दे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बात खतम."

मी (क) वर खूण केली. त्यावर उत्पादन बनवणाऱ्याचीही सही लागते, म्हणून बन्सीला बोलावलं. तो हात पुसत आला. खुणेखालचा रकाना रिकामा होता: 'नात्याचा प्रकार.'

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. अंगठ्यावरचा डाग खाजवला. "रिकामं नको सोडू… रिकाम्या रकान्याला मॅडम शून्य धरतात."

"मग?"

"खरं लिही."

"खरं अजून झालेलं नाही."

"मग होणारं लिही," तो म्हणाला. "म्हणजे… तुला आवडत असंल तर."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. खिडकीबाहेर भिंत होती.

मी लिहिलं: 'होणारी बायको.' रकाना लहान होता. 'बायको' समासात गेलं. तीन प्रती, म्हणून तीन वेळा लिहावं लागलं. साडेतीन वाजले होते. आता सुरुवातीचं वाक्य वाचायला हरकत नाही.

मॅडमनी दोन्ही सह्या तपासल्या, शिक्का मारला, आणि मगच कॅल्क्युलेटर ओढला. मला वगळून सात जणांची सरासरी सात पूर्णांक दोन आठ. आप्पासाहेबांनी ८६२ ला आठ दिले होते. मी नंतर गेटवर त्यांना विचारलं, तर म्हणाले, "हात चुकला, पोरी." आणि खिशातून उरलेला तुकडा काढून तोंडात टाकला.

एक एप्रिलला बन्सी कायम झाला. त्याच दिवशी मी लॅबकडं पुढील अर्ज केला.

'मा. लॅबप्रमुख यांस, विषय: तक्त्यातील दुरुस्तीबाबत. महोदया, माझा दि. १२ मार्चचा तक्ता बाद झाला असून नियमानुसार यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या करण्यात आल्या आहेत, याची मला कल्पना आहे. तरी सदर पट्ट्यांमधून जिच्यावर ८६२ समोर दोन गुण आहेत ती पट्टी शोधून, त्या जागी नऊ लिहून, आपल्या सहीशिक्क्यानिशी पुन्हा पट्ट्यांच्या पोत्यात टाकण्यात यावी, ही नम्र विनंती.'