बाळंतिणीची उधारी

"अव्वा, ही कोण?"

चन्नीनं विचारलं खरं, पण उत्तराची वाट पाहिली कुठं! उंबऱ्याशी बोचकं घेऊन बसलेल्या निलम्माच्या मांडीवर ती सहा वर्षांची पोर अशी जाऊन रेलली, की जणू जन्मापासूनची तिची जागाच ती... आणि तिच्या आईच्या, जगदेवीच्या काळजात चर्र झालं.

"कुणी न्हाई. खोली मागायला आलेत," ती तुटकपणे म्हणाली. "ऊठ तिथून. वेणी अर्धीच झालीया."

कुणी न्हाई! म्हणताना तिची जीभ अडखळली. निलम्मा कोण ते कमठाणा गावातलं शेंबडं पोरही सांगेल. रझाकारांच्या त्या वर्षी जगदेवी बाळंत झाली आणि पंधराव्या दिवशी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. नवरा वीरण्णा जीव वाचवायला सरहद्दीपलीकडे गेलेला, ज्वारीचं पेव लुटलं गेलेलं, घरात म्हातारी सासू आणि भुकेनं कळवळणारी तान्ही. त्याच महिन्यात मल्लप्पा गाडीवानाच्या बायकोचं, या निलम्माचं, बाळ बाराव्या दिवशी गेलं होतं. तिनं चन्नीला पदराखाली घेतलं, ते आठ महिने. जगदेवी उठून बसली तेव्हा पोर तिच्याकडे यायलाच तयार नव्हती, किंचाळायची! पुढं थोड्याच दिवसांत ते नवराबायको आप्पाराव वाण्याची उधारी बुडवून गुलबर्ग्याला पळाले, आणि जगदेवीनं, देवाशपथ सांगायचं तर, सुटकेचा श्वास सोडला होता.

पण सुटका कसली! चन्नीचे गाल पाहून जो तो म्हणे, "निलम्माचं दूध अंगी लागलंय पोरीला!" सासू तर मरेपर्यंत हेच म्हणत राहिली. न्हाऊमाखू घालायचं जगदेवीनं, गोवरात उशापायथ्याशी बसायचं जगदेवीनं, आणि श्रेय कुणाचं? तर त्या बाईचं! सहा वर्षं तिच्या अंतःकरणात हा मत्सर धुमसत होता, आणि आज तीच बाई तिच्याच दारात खोली मागत होती...

"पडवीची खोली रिकामीच हाय की," वीरण्णा आत येऊन हळूच म्हणाला. "देऊन टाकू. कामून एवढा इचार करायलीस?"

"कर्जबुडव्यांला? गुलबर्ग्याच्या गिरणीत मल्लप्पाची बोटं गेली, भाडं कशातनं देतील? आप्पारावाला बुडवलं तसं आपल्याला बुडवतील."

"खोली तुझ्या बापानं बांधून दिलेली, तूच ठरीव. पर त्या माउलीनं..."

"माउली!" जगदेवी कडाडली. "ती माउली, मंग मी कोण? दाई?"

जगदेवीनं डोईवर पदर घेतला आणि तरातरा आप्पारावाचं किराणा दुकान गाठलं. खोली नाकारायला चारचौघांत सांगण्याजोगं कारण हवं होतं तिला.

"अण्णा, निलम्मानं किती बुडवलं वो तुमचं?"

आप्पाराव तराजू पुसत होता. "काय सांगू अक्का, डोस्कं फिरलं हुतं तिचं तवा. लेकरू मातीआड केलं, आन त्याच्यामागं आठ म्हैने बाळंतिणीचा बाजार न्यायची उधारीवर! डिंक, अळीव, खारका, बाळंतशोपा, तूप... म्या म्हणायचो, आगं, एवढं कुणासाठी? तर म्हणायची, 'इच्चारू नका अण्णा, द्या.' नवरा बिचारा कोरडी भाकर खायचा."

कुणासाठी! ते तूप, त्या खारका कुठं गेल्या ते जगदेवीला आता कळत होतं: दूध होऊन चन्नीच्या अंगात.

"आन... बुडवून पळाले?"

आप्पारावानं इकडंतिकडं पाहिलं. "बुडवलं कुठलं! मल्लप्पा बैलजोडी माझ्या दारात बांधून गेला. बैलाबिगर गाडीवानानं गावात काय खावं? गाव काय बी बोललं, म्या गप बसलो. जोडी लई स्वस्तात पडली हुती मला, अक्का..."

घरी येईपर्यंत जगदेवीच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. निलम्मा तशीच उंबऱ्याशी बसलेली. चन्नी तिला तांब्यातून पाणी देत होती.

"कामून बोलली न्हाईस गं? इतकी वर्सं कर्जबुडवी म्हणवून घेतलंस!"

निलम्मा दचकली. मग तिची मान खाली गेली. "काय बोलू अक्का? दूध आटायचं भ्या हुतं मला. आटलं असतं तर पोर माघारी गेली असती... म्या तुमच्यासाठी न्हाई केलं वो, माझ्यासाठी केलं! तुम्ही बऱ्या झालात, पोर नेलीत, तवा म्या... लई जळले तुमच्यावर!"

मग जगदेवीनं कमरेची किल्ली सोडून निलम्माच्या ओंजळीत घातली.

"भाडं म्हैन्याच्या म्हैन्याला देऊ, अक्का..."

"देशील तवा दे."

"अव्वा, सांग की," चन्नीनं पदर ओढला. "ही कोण?"

जगदेवीच्या आतली जळजळ कुठं गेली होती? होती तशीच होती! तरीही ती म्हणाली, "थोरली अव्वा म्हण हिला."

"आन तू?"

"मी... मी धाकटी."

निलम्मानं तोंडात पदर कोंबला. चन्नीची एक वेणी अजून सुटीच होती. जगदेवीनं फणी उचलली, क्षणभर घट्ट धरली... आणि निलम्माच्या पुढं केली.