रविवारच्या दोन मिनिटांची काजळी

आजोबांच्या निळ्या गाडीचे लाड विचारू नका. अंगावर सुती आच्छादन, चाकांत हवा, टाकीत ताजं पेट्रोल. तरीही दसऱ्याच्या सकाळी किल्ली फिरवली की ती नुसती घर्र घर्र करायची आणि गप्प बसायची. एवढं जपूनही गाडी चालू का होत नाही, हे कोडं केतकीला काही सुटेना.

वाईत आता पेट्रोलची गाडी म्हणजे नवलच होतं. बाकी साऱ्या गाड्या विजेच्या, मांजराच्या पावलांनी जाणाऱ्या. गंमत म्हणजे त्या गाड्यांच्या बॅटऱ्या सुधारण्यात शास्त्रज्ञ वसंत शेवडे, म्हणजे केतकीचे आजोबा, यांनी उभी हयात घालवली होती. जीव मात्र जडला होता या खोकणाऱ्या म्हातारीवर!

"अण्णा, संध्याकाळपर्यंत चालू झाली तर ठीक," केतकीचे बाबा म्हणाले. "नाहीतर उद्या मेकॅनिक येतोय. इंजिन काढून मोटर बसवून टाकू. किती दिवस नुसती पुजायची?"

आजोबा चष्मा पुसत राहिले. त्यांचा पडलेला चेहरा पाहून केतकीला फार वाईट वाटलं. इंजिन काढल्यावर उरणार काय? निळा डबा!

घरातला यंत्रमानव ठोकळ्या झेंडूची माळ घेऊन शेजारीच उभा होता. "चाकाखाली लिंबू ठेवू का?" त्याने विचारलं.

"आधी गाडी हलू दे, मग लिंबू चिरडेल!" केतकी वैतागून म्हणाली. "आजोबा, इंजिनाला लागतं तरी काय काय?"

"पेट्रोल, हवा आणि ठिणगी. आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळते, ठिणगी पडली की भडका उडतो आणि त्या जोराने चाकं फिरतात. पेट्रोलचा वास येतोय, हवेला तर तोटा नाही."

"मग ठिणगीच पडत नसणार!"

आजोबांनी किल्ली काढून घेतली, इंजिन गार असल्याची खात्री केली आणि पान्याने एक स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा छोटा भाग) सोडवला. त्याच्या टोकाशी धातूचे दोन तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये नखाच्या जाडीएवढी फट. मधल्या दांडीभोवती पांढऱ्या चिनीमातीचं वेष्टण असायला हवं होतं. ते काळंकुट्ट होतं. केतकीने बोट लावलं तर बोटही काळं.

"वीज या फटीतून उडी मारते, तीच ठिणगी," आजोबा म्हणाले. "चिनीमाती विद्युतरोधक (वीज वाहू न देणारी) असते, म्हणून विजेला दुसरी वाट नसते."

"पण फट तर मोकळी आहे. मग वीज उडी का मारत नाही?"

"तूच सांग. ही काजळी म्हणजे कार्बन. तुझ्या पेन्सिलीच्या शिशातही तोच."

केतकीला शाळेतला प्रयोग आठवला. कागदावर पेन्सिलीची जाड रेघ ओढली, तिच्या दोन टोकांना तारा लावल्या आणि चिमुकला दिवा मिणमिणला होता. "म्हणजे काजळीतून वीज जाते! सोपी वाट मिळाली तर ती उडी कशाला मारेल?"

"शाब्बास! उडी मारायला मोठा विद्युतदाब (वीज ढकलणारा जोर) लागतो. काजळीतून वीज झिरपते आणि दाब वाढतच नाही. बागेच्या नळीला भोक पडलं की पुढे पाणी कसं जोरात उडत नाही, तसं."

चारही प्लग तसेच निघाले. एकाची चिनीमाती तडकली होती. त्याच्या जागी आजोबांनी नवा काढला. बाकीचे तीन अंगणात, केतकीला लांब बसवून, जुन्या टूथब्रशने पेट्रोलमध्ये घासले आणि फट बारीक पट्टीने मोजून घेतली. ठोकळ्याने फुंकर यंत्राने ते कोरडे केले.

"पण काजळी जमलीच कशी?" केतकीने विचारलं. "गाडी तर कुठे जातच नाही."

"मी कधीही चुकलो नाही," ठोकळ्या ताठ उभा राहून म्हणाला. "दर रविवारी चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढून गाडी दोन मिनिटं चालू करतो आणि बंद करतो. आजोबांची आज्ञा आहे. रस्त्यावर नेली तर झिजेल."

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! गार इंजिनात जास्तीचं पेट्रोल नीट जळत नाही, त्याची काजळी होते. गाडी भरपूर पळाली की प्लगचं टोक चुलीतल्या निखाऱ्यासारखं तापतं आणि काजळी आपोआप जळून जाते. आपण तिला तापूच दिलं नाही. जपता जपता मीच तिचा गळा दाबत होतो!"

प्लग बसवले. किल्ली फिरली. घर्र... आणि गाडी धडधडायला लागली! केतकीने टाळ्या पिटल्या. ठोकळ्याने चाकांखाली लिंबं ठेवली. आजोबांचे डोळे भरून आले आणि सवयीने त्यांचा हात किल्लीकडे गेला. "पुरे. दमेल ती."

"बंद करू नका!" केतकी ओरडली. "आजोबा, पुन्हा काजळी! आज सीमोल्लंघन आहे ना? घाटात चला!"

आजोबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी गिअर टाकला आणि लिंबं चिरडत गाडी निघाली.

पसरणी घाट चढताना इंजिन असं काही गात होतं की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मागून बाबा आपल्या मुक्या गाडीत आले. वर थांबल्यावर सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली आणि इंजिन पार निवल्यावर आजोबांनी एक प्लग काढून दाखवला. फिकट बदामी रंगाचा, स्वच्छ.

"आजोबा, रॉकेटलाही अशी ठिणगी लागते?"

"काही रॉकेटांना लागते. तू मंगळावर जाशील तेव्हा बघून सांग मला."

"सांगेन. आणि तिथे रविवारी दोन मिनिटं चालू करून ठेवणार नाही!"

बाबा मघापासून बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "मेकॅनिकला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले आणि जरा लाजतच पुढे बोलले, "अण्णा, उतरताना मी चालवू?"

रस्त्यावर चालवायला या गाडीची किल्ली आजोबांनी आजवर कुणाच्याही हातात दिली नव्हती. त्यांनी ती खिशातून काढली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली.

"जपून चालव," ते म्हणाले. "पण फार जपू नकोस."