जिभेखालचे थेंब

"गांजाचं तेल मिळेल का?" हे वाक्य मी जिन्यात मनातल्या मनात घोकत होते, पण इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीपाशी पोचले आणि आवाजच फुटेना. मागे ही रांग. शेवटी काचेच्या फटीला जवळजवळ ओठ लावून मी पुटपुटले, "ते... तेल आहे का?"

आतला पांढऱ्या कोटातला तरुण तसाच वाकला आणि माझ्याहूनही हळू म्हणाला, "आहे. पण असं कुजबुजलात ना, तर लोकांना खरंच संशय येईल."

मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले होते मी...

आईला नसांचा आजार. पायांचे स्नायू आखडले की ती उशीत तोंड खुपसून पडून राही. नेहमीच्या गोळ्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी हे तेल लिहून दिलं. पण आई पडली निवृत्त मुख्याध्यापिका. "जन्मभर पोरांना व्यसनांवर भाषणं दिली, आता मीच गांजा ओढू?" ती बाटलीला हात लावेना.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून खिडकीशी गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत तो थेट आमच्या घरी आला. आईसमोर खुर्चीच्या टोकावर बसला – तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

"ओढायचं नाही, बाई. जिभेखाली थेंब टाकायचे. पाय सैल व्हावेत म्हणून."

"गुण येईलच?"

"तसं नाही सांगता येत. काहींना येतो, काहींना नाही. गुंगीही येईल कदाचित. नाहीच सोसलं तर डॉक्टर बंद करतील."

आई त्याच्याकडे रोखून बघत राहिली. मग मला म्हणाली, "आण ती बाटली. हा मुलगा थापा मारत नाही."

सुरुवातीला तिला भोवळ यायची. डॉक्टरांनी थेंब कमी केले. आणि मग एका सकाळी स्वयंपाकघरात भांडी वाजली. आई काठी टेकून ओट्याशी उभी होती, चहा टाकत.

"दुखतंय अजून," ती म्हणाली, "पण आता पाय माझं ऐकतात."

मी धावत सुटले ती खिडकीपाशीच थांबले. ऐकून तो चष्मा काढून पुसत राहिला... उगाचच, कितीतरी वेळ.

तेलाची छोटी बाटली दर आठवड्याला संपे. "निघालीस गांजावाल्याकडे?" आई विचारायची. "औषध आणायला इतकं नटतात वाटतं?"

एका संध्याकाळी खिडकी बंद करून तो माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत आला. भुरभुर पाऊस होता. छत्री एकच, आणि ती सारखी माझ्याकडे झुकत होती.

"एक सांगायचंय... हे औषध घरपोच मिळतं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी." तो बुटांकडे बघत होता. "रागावलात?"

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"मग तुम्ही दर आठवड्याला..."

"तेल आणायला यायचे," मी म्हणाले, "आणि तुम्हाला बघायला. तेल तर काय, घरीही आलं असतं."

त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने माझा हात धरला. हात गार होता. मी सोडला नाही.

बस आली. आम्ही ती जाऊ दिली.